टिक न केलेला चेकबॉक्स आणि सरकलेला हॅश: पर्लमधल्या फॉर्म हाताळणीचं एक प्रकरण

बैठकीच्या खोल्या राखून ठेवण्यासाठी पर्लमध्ये लिहिलेलं एक छोटं अंतर्गत ॲप. अपाची वगैरे वेगळा वेब सर्व्हर काही नाही. एचटीटीपी::सर्व्हर::सिंपल::सीजीआय या लायब्ररीवर ते उभं होतं. एकच पर्ल प्रोसेस पोर्टवर ऐकत बसते, विनंती आली की फॉर्मचा डेटा वाचणाऱ्या सीजीआय डॉट पीएम या मॉड्यूलचं ऑब्जेक्ट तयार करून आपल्या हँडलरच्या, म्हणजे विनंती हाताळणाऱ्या कोडच्या, हाती देते, आणि उत्तर गेलं की पुढची विनंती घेते. वापर मोजक्या लोकांचा असेल तर ही रचना अजूनही चालण्यासारखी आहे.

फॉर्ममध्ये नाव, ईमेल, दोन चेकबॉक्स, मजला आणि शेरा एवढंच होतं. पहिला चेकबॉक्स ‘सूचना’, म्हणजे बदल झाल्यास मेल हवा का. दुसरा ‘प्रोजेक्टर’. दोन्हींची किंमत, म्हणजे टिक केल्यावर पाठवलं जाणारं मूल्य, ‘हो’. (कोडमध्ये ही नावं रोमन लिपीत होती. वाचायला सोपं जावं म्हणून इथे मराठीत लिहितो.)

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा तीन तक्रारी साचल्या होत्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. पहिली जुनी होती: ज्यांनी सूचना नको म्हणून चेकबॉक्स रिकामा ठेवला, त्यांनाही मेल जात. दुसरी अधूनमधून येणारी: मजला निवडलेला असूनही ‘मजला निवडा’ असा संदेश येऊन फॉर्म परत समोर येई. तिसरी ताजी आणि पहिलीच्या बरोबर उलट: सूचना आणि प्रोजेक्टर दोन्ही मागितलेल्यांना दोन्ही मिळेनात.

पहिली तक्रार बंद होऊन तिसरी सुरू झाली, त्याच्या मध्ये एक बदल झाला होता. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, हे टीममधल्या एकाला ठाऊक होतं. म्हणून त्याने प्रत्येक चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं एक लपलेलं क्षेत्र टाकलं, किंमत ‘नाही’. सोबत मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही बदल केला. आधी ‘सूचना’चा रकाना रिकामा नसला की मेल जाई, आता तिथे ‘हो’ हाच शब्द असेल तरच जाणार होता. लपलेल्या क्षेत्राची ही पद्धत रूबी ऑन रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये रूढ आहे आणि तिथे ती बिनचूक चालते. इथे का चालली नाही, ते पुढे येईलच.

दोन संशय आधी निकाली काढावे लागले.

पहिला संशय होता एका विनंतीचा डेटा दुसरीत गळण्याचा. तो गैरवाजवी नव्हता. सीजीआय डॉट पीएम ज्या काळात घडलं, त्या काळात प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू होई आणि काम झालं की मरे. त्यामुळे मॉड्यूलच्या आत काही गोष्टी ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोसेसभर सामायिक, ठेवल्या तरी बिघडत नसे. कायम जिवंत राहणाऱ्या सर्व्हरमध्ये तेच ग्लोबल पुढच्या विनंतीला दिसू शकतात. पण ही लायब्ररी हे ओळखून आहे. प्रत्येक विनंतीच्या तयारीत ती सीजीआय डॉट पीएमचं ‘इनिशियलाइझ ग्लोबल्स’ हे फंक्शन बोलावते आणि पाटी कोरी करते. तरीही खात्री हवी म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि पहिलीच विनंती दोन्ही चेकबॉक्स टिक करून पाठवली. गळायला आधीची विनंतीच नव्हती, तरी चुकीची नोंद झाली. तो धागा तिथेच संपला.

दुसरा संशय एन्कोडिंगचा. लोक नावं देवनागरीत भरत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, आणि फॉर्म पाठवताना प्रत्येक बाइट टक्केचिन्ह धरून तीन अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाची ९ अक्षरं होतात. एवढ्या रूपांतरात काही तरी बिघडत असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण एन्कोडिंग चुकलं की किंमतीच्या आतली अक्षरं खराब होतात. एका क्षेत्राची किंमत उठून दुसऱ्या क्षेत्रात जाऊन बसत नाही. शिवाय रोमन लिपीत भरलेल्या नोंदीही तशाच बिघडत होत्या.

मग डेटाबेस उघडून पाहिला, आणि खरा माग तिथे लागला. जुन्या नोंदींपैकी कित्येकांत ‘सूचना’ या रकान्यात ‘हो’ही नव्हतं आणि तो रिकामाही नव्हता. तिथे लिहिलं होतं ‘प्रोजेक्टर’. म्हणजे शेजारच्या क्षेत्राचं नाव या क्षेत्राची किंमत बनलं होतं! कुठल्याही वापरकर्त्याने तो शब्द टाइप केला नव्हता. तो फक्त कोडमध्ये होता. याचा अर्थ बिघाड ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधे नव्हता. डेटा नीट पोचल्यानंतर आमच्याच कोडमध्ये काही तरी सरकत होतं.

हँडलरमध्ये नोंदीचा हॅश, म्हणजे की (नाव) आणि किंमत अशा जोड्यांचा साठा, एका फटक्यात भरला होता. डावीकडे की, उजवीकडे पॅरम मेथडला (ती दिलेल्या नावाच्या क्षेत्राची किंमत आणते) दिलेली हाक, स्वल्पविराम, पुढची जोडी. पर्ल लिहिणाऱ्या कुणीही डोळे मिटून लिहावं असं:

नाव => पॅरम(नाव), ईमेल => पॅरम(ईमेल), सूचना => पॅरम(सूचना), प्रोजेक्टर => पॅरम(प्रोजेक्टर), मजला => पॅरम(मजला), शेरा => पॅरम(शेरा)

दिसायला या सहा जोड्या आहेत. पर्लच्या लेखी मात्र ही सपाट यादी आहे, आणि ‘=>’ हा जवळजवळ स्वल्पविरामच. हॅशला ती यादी मिळते आणि तो दोन-दोन घटक उचलत जातो. पर्लमध्ये हाक कुठे बसली आहे, यावरून तिच्याकडून एकच किंमत हवी (स्केलर कॉन्टेक्स्ट) की यादी (लिस्ट कॉन्टेक्स्ट) हे ठरतं. यादीत बसलेल्या प्रत्येक हाकेला लिस्ट कॉन्टेक्स्ट मिळतो, आणि पॅरम मेथड कॉन्टेक्स्ट पाहून उत्तर बदलते. स्केलर कॉन्टेक्स्टमध्ये ती त्या नावाची पहिली किंमत देते, नाव आलंच नसेल तर अनडेफ, म्हणजे ‘किंमत नाही’ सांगणारी खूण. लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये ती त्या नावाच्या सगळ्या किंमती देते, आणि नाव आलंच नसेल तर रिकामी यादी. रिकामी यादी म्हणजे अनडेफसुद्धा नाही. त्या जागी काहीच उरत नाही. शर्टाचं एक बटण चुकलं की खालची सगळी बटणं चुकत जातात, तशी पुढची प्रत्येक जोडी सरकते.

आता हे कागदावर मांडून पाहिलं. दोन्ही चेकबॉक्स रिकामे असताना यादी अशी उरते:

नाव, मूल्य, ईमेल, मूल्य, सूचना, प्रोजेक्टर, मजला, ३, शेरा, मूल्य

एकूण घटक दहा, संख्या सम. ‘सूचना’ची किंमत ‘प्रोजेक्टर’ झाली, ‘प्रोजेक्टर’ ही की नाहीशी झाली आणि मजल्यापासून पुढे गाडी पुन्हा रुळावर आली. पर्लला यात खटकण्यासारखं काही नाही. डेटाबेसला नाही, फॉर्मच्या तपासणीलाही नाही. रकाना रिकामा नाही, म्हणून मेल जातो. ही पहिली तक्रार.

एकच चेकबॉक्स रिकामा असेल तर घटक अकरा. समजा सूचना नको पण प्रोजेक्टर हवा. मग ‘सूचना’ला ‘प्रोजेक्टर’, ‘हो’ नावाच्या नव्याच कीला ‘मजला’, ‘३’ नावाच्या कीला ‘शेरा’, आणि शेऱ्याचा मजकूर स्वतःच की बनून त्याची किंमत अनडेफ. ‘मजला’ नावाची कीच हॅशमध्ये नाही, म्हणून ‘मजला निवडा’. प्रोजेक्टर नको आणि सूचना हवी असली तरी मजल्याची हीच गत होते. ही दुसरी तक्रार. ती अधूनमधून येते असं वाटत होतं, कारण दोन चेकबॉक्सपैकी नेमका एकच टिक करणारे लोक थोडे होते. त्यांच्यापुरती ती दर वेळी येत होती.

लपलेली क्षेत्रं टाकल्यानंतर गणित आरशात पाहावं तसं उलटलं. आता टिक न केलेल्या चेकबॉक्ससाठी एक किंमत येते आणि सगळं जागेवर बसतं. टिक केला की दोन येतात, ‘नाही’ आणि ‘हो’. दोन्ही टिक केले तर:

नाव, मूल्य, ईमेल, मूल्य, सूचना, नाही, हो, प्रोजेक्टर, नाही, हो, मजला, ३, शेरा, मूल्य

चौदा घटक, पुन्हा सम. ‘सूचना’ची किंमत ‘नाही’. ‘हो’ आणि ‘नाही’ या नावांच्या दोन अनाहूत की, ज्या डेटाबेसमध्ये लिहिताना आपोआप गळतात, कारण तिथे ठरावीक रकानेच उचलले जातात. ‘प्रोजेक्टर’ गायब. ही तिसरी तक्रार. आणि एकच टिक केला तर तेरा घटक, मजला पुन्हा हरवलेला. म्हणजे दुसरी तक्रार दोन्ही काळांत जशीच्या तशी राहिली. पहिली मात्र बंद झाल्यासारखी दिसली. तिचं मूळ कायम होतं. नव्या नोंदींत आता ‘नाही’ येत होतं आणि जुन्या नोंदींतला ‘प्रोजेक्टर’ हा शब्द नव्या मेल स्क्रिप्टला ‘हो’ वाटत नव्हता, एवढंच.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटला तो हा उलटलेला नमुना. किंमतींमध्ये काही दोष असता, तर एक क्षेत्र वाढवल्याने तक्रार अशी नेमकी उलटी झाली नसती. बिघडत होती ती किंमतींची संख्या. प्रत्येक नावामागे एकच किंमत येईल या गृहीतावर कोड उभा होता, आणि फॉर्मच्या बाबतीत हे गृहीत कधीच धरता येत नाही. एका नावामागे शून्य, एक किंवा अनेक किंमती येणं हे फॉर्मचं नेहमीचं वागणं आहे. रिकाम्या मजकूर-क्षेत्राचं नाव येतं आणि किंमत रिकामी असते. रिकाम्या चेकबॉक्सचं नावही येत नाही. अक्षम केलेल्या क्षेत्राचंही येत नाही.

आणखी एक पुरावा त्याच ॲपमध्ये होता. खोलीची तक्रार नोंदवायचा दुसरा फॉर्म कधीच बिघडला नव्हता, आणि त्यातही चेकबॉक्स होते. तिथे प्रत्येक पॅरमच्या पुढे ‘किंवा’चं चिन्ह, म्हणजे दोन उभ्या रेघा, आणि रिकामी स्ट्रिंग लिहिलेली होती. लिहिणाऱ्याचा हेतू फक्त अनडेफ टाळण्याचा असावा. पण दोन उभ्या रेघांच्या डावीकडची बाजू पर्ल स्केलर कॉन्टेक्स्टमध्येच तपासतो, त्यामुळे तिथे दर वेळी नेमकी एकच किंमत मिळत होती. पर्ल ५.१० पासून आलेल्या दोन तिरक्या रेघांच्या ‘अनडेफ असल्यास’ या चिन्हाचंही तसंच. एकाच माणसाच्या हातचे दोन फॉर्म, एक सुरक्षित आणि एक नाही, आणि फरक इतका बारीक.

मग इशारे कुठे गेले? विषम घटक आले की पर्ल ‘ऑड नंबर ऑफ एलिमेंट्स इन हॅश असाइनमेंट’ अशी वॉर्निंग देतो, आणि फाइलीत वॉर्निंग सुरू होत्या. पण सर्व्हर पार्श्वभूमीवर चालवताना त्याचा एरर प्रवाह, म्हणजे इशारे आणि त्रुटी बाहेर पडायची वाट, डेव्ह-नलकडे, म्हणजे आलेलं सगळं फेकून देणाऱ्या जागेकडे, वळवलेला होता. सीजीआय डॉट पीएमचीही स्वतःची सूचना आहे: ऑक्टोबर २०१४ मधल्या ४.०५ या आवृत्तीपासून लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये पॅरमला हाक मारली की ते फाइल आणि ओळ सांगून बजावतं. मात्र ते एका प्रोसेसमध्ये एकदाच बजावतं. जुन्या पद्धतीच्या सीजीआयमध्ये दर विनंतीला नवी प्रोसेस असल्याने तो इशारा लॉगमध्ये सारखा दिसत राहतो. इथे सर्व्हर सुरू झाल्यावर एकदा, आणि मग तो जिवंत असेपर्यंत शांतता. एरर प्रवाह फाइलीत वळवून सर्व्हर पुन्हा सुरू केला, तेव्हा पहिल्याच फॉर्मला दोषी ओळीचा क्रमांक समोर आला. म्हणून असा सर्व्हर तपासताना सर्वांत आधी एरर प्रवाह कुठे जातो ते पाहा, कोड नंतर वाचा, असं मी आग्रहाने सांगेन.

तो इशारा २०१४ मध्येच का आला, यालाही कारण आहे. त्या वर्षी बगझिला या पर्लमधल्या बग-नोंदणी ॲपमध्ये याच जातीची गंभीर त्रुटी उघड झाली (सुरक्षा-त्रुटी क्रमांक सीव्हीई-२०१४-१५७२), चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी शोधलेली. खातं उघडताना खऱ्या नावाचं क्षेत्र अशाच यादीत वाचलं जात होतं. ते एकाऐवजी तीनदा पाठवलं की दुसरी किंमत की बनते आणि तिसरी तिची किंमत, आणि अशा रीतीने आधीच तपासून ठेवलेलं लॉगिन नाव बदलता येत होतं. आमच्या ॲपमध्ये हे अपघाताने घडत होतं. तिथे ते मुद्दाम घडवता येत होतं. अनधिकृत माणसाने ‘नाव’ हे क्षेत्र तीनदा पाठवलं तर आमच्या हॅशमध्येही त्याला हवी ती की घुसवता आली असती. म्हणून या दुरुस्तीकडे चेकबॉक्सची किरकोळ कुरबुर म्हणून पाहू नका, असं मी टीमला पहिल्याच दिवशी सांगितलं. डेटाबेसशी बोलणाऱ्या डीबीआय मॉड्यूलच्या, मजकूर अवतरणात घालणाऱ्या क्वोट मेथडला अशी हाक थेट दिली तर ते आणखी वाईट: तिचा दुसरा आर्ग्युमेंट डेटाचा प्रकार सांगतो, आणि तो अंकांचा प्रकार निघाला तर पहिली किंमत अवतरणाशिवाय एसक्यूएलमध्ये जाते.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा ठरला. हॅशमधल्या प्रत्येक हाकेआधी ‘स्केलर’ हा शब्द लिहिला, आणि चाचणीत सगळ्यांच्याच सूचना ‘नाही’ झाल्या. कारण लपलेली क्षेत्रं अजून जागेवर होती. एकाच नावाच्या दोन किंमती आल्या तर सीजीआय डॉट पीएम स्केलरमध्ये पहिली देतं, आणि लपलेलं क्षेत्र आधी असल्याने पहिली नेहमी ‘नाही’. रेल्समध्ये शेवटची किंमत जिंकते, म्हणून तिथे ही युक्ती चालते. पर्लमध्येही हे एकसारखं नाही: प्लॅक या वेब टूलकिटमध्ये वापरलेला हॅश::मल्टिव्हॅल्यू शेवटची देतो, मोजोलिशस या वेब फ्रेमवर्कचं पॅरमही शेवटचीच. लपलेली क्षेत्रं काढली आणि चेकबॉक्स न आल्यास ‘नाही’ धरायचं हे सर्व्हरवरच लिहिलं. ते तिथेच असायला हवं, कारण फॉर्ममध्ये लिहिलेलं पाठवणारा सहज बदलू शकतो.

कोडमध्ये बाकीच्या हाका शोधणं शब्द-शोधाने भागलं नाही. एका मदतनीस फंक्शनमध्ये पॅरमचं उत्तर थेट रिटर्न केलं होतं. अशा फंक्शनला बोलावणाऱ्याचा कॉन्टेक्स्ट आत जसाच्या तसा पोचतो, त्यामुळे वरून निष्पाप दिसणारी हाक यादीत बसली की तीही तशीच सरकते. तिथे फंक्शनच्या आतच स्केलर लावला. एका पानावर मात्र यादीच हवी होती: एकाच वेळी अनेक मजले निवडून खोल्या गाळायच्या. तिथे मल्टी-पॅरम ही मेथड वापरली. तिचं काम स्केलर-लिस्टचा खेळ टाळून ‘मला सगळ्या किंमती हव्या आहेत’ हे उघड सांगणं, आणि वाचणाऱ्यालाही ते लगेच कळतं.

‘सीजीआय डॉट पीएमच काढून टाकू’ असाही आग्रह झाला. ते २०१५ च्या पर्ल ५.२२ पासून मूळ वितरणात नाही, आणि नवं काम त्यावर सुरू करू नये हे मलाही मान्य आहे. पण त्या आठवड्यात ते करणं मी नाकारलं. प्लॅक::रिक्वेस्टची पॅरम मेथडही कॉन्टेक्स्ट पाहूनच उत्तर बदलते. ही ओळ तशीच्या तशी उचलून तिथे नेली असती तर बिघाडही सोबत गेला असता. मोजोलिशसने मात्र हा प्रश्न मुळातच सोडवला आहे: पॅरम नेहमी एक किंमत देतं, सगळ्या हव्या असतील तर एव्हरी-पॅरम. बाहेरून येणाऱ्या डेटासाठी हीच रचना योग्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. किती घटक येणार हे पाठवणाऱ्याच्या हाती असताना, ते विचारणारी ओळ तरी एकाच अर्थाची असली पाहिजे.

चाचण्यांमध्ये प्रत्येक चेकबॉक्ससाठी शून्य, एक आणि दोन किंमती, अशा सगळ्या जोड्या कर्ल या कमांड-लाइन साधनाने पाठवल्या. तयार झालेल्या हॅशच्या की ठरलेल्या सहाच आहेत का हेही तपासलं. त्या एका तपासणीने हा बिघाड पहिल्याच दिवशी पकडला असता. ‘मिस्क’ गटातल्या वॉर्निंग त्या फाइलीत घातक ठरवल्या, म्हणजे विषम घटक आले तर विनंती तिथेच मोडेल. सम घटकांची चूक त्यातून सुटते, म्हणून कींची तपासणी तरीही हवीच.

शेवटी उरल्या जुन्या नोंदी. काय पाठवलं गेलं होतं, ते जवळजवळ पूर्ण परत मिळालं. ‘सूचना’मध्ये ‘प्रोजेक्टर’ असेल तर दोन्ही चेकबॉक्स रिकामे होते. लपलेल्या क्षेत्रांच्या काळात ‘सूचना’ ‘नाही’ आणि ‘प्रोजेक्टर’ नल (रिकामा) असेल तर दोन्ही टिक होते. दोन्हीकडे ‘नाही’ असेल तर खरंच नको होतं. पण लोकांना काय हवं होतं, हे त्यातून कळत नव्हतं. एकच चेकबॉक्स टिक केल्यावर फॉर्म परत येतो हे अनुभवून कित्येकांनी दोन्ही टिक केले असतील, किंवा दोन्ही सोडून दिले असतील. ॲपच्या लॉगमध्ये मजल्याची त्रुटी आणि लगेच पाठोपाठ त्याच पत्त्यावरून यशस्वी नोंद, अशा जोड्या वेगळ्या काढल्या. त्या नोंदी आपल्या अंदाजाने न बदलता प्रत्येकाला मेल करून विचारलं. बाकीच्या एका स्क्रिप्टने दुरुस्त केल्या, मूळ किंमत शेजारच्या रकान्यात जपून.